सॉफ्टवेअरची पारख आणि अननुभवी पदवीधर

जळगांवच्या सराफ बाजारांत जुना दागिना विकावयास नेला, तर सराफ गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबत नाहीं. तो दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ निरखून पाहतो आणि मगच भाव बोलतो. धुळ्याच्या बाजारांत कापसाची ओल व त्यांतील कचरा पाहिल्यावांचून त्याची प्रत ठरत नाहीं. भुसावळच्या यार्डांत चाकें व ब्रेक तपासल्यावांचून गाडी पुढें सोडीत नाहींत. वस्तु घडविणारा एक आणि ती पारखणारा दुसरा, ही श्रमविभागणी खानदेशाला नवी नाहीं. ज्या संगणकीय आज्ञावलींच्या आधारानें आज बँक, इस्पितळ, रेल्वे आणि बाजार समिती चालते, ज्यांस सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, त्यांनाही असाच पारखी लागतो. या पारख्याला टेस्टर व त्याच्या कामाला टेस्टिंग अशीं नांवें रूढ आहेत. हें काम माणसानें स्वतः पडद्यापुढें बसून, एकेक क्रिया करून केलें, म्हणजे तें मॅन्युअल टेस्टिंग होय.

हा विषय जळगांव व धुळें येथील घरांना जवळचा वाटावा, यास कारण आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजीं स्थापन झालेलें आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करणारें विद्यापीठ जळगांव, धुळें व नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठीं आहे. त्याच्या महाविद्यालयांतून विज्ञान, वाणिज्य व संगणक या शाखांचे पदवीधर दरवर्षीं बाहेर पडतात. त्यांच्यापुढें पहिलाच प्रश्न उभा राहतो तो असा कीं, अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं. सॉफ्टवेअरचा धंदा महाराष्ट्रांत मुख्यतः पुण्यामुंबईकडे एकवटलेला आहे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ सालीं पुण्यांतच स्थापन झाली, पर्सिस्टंट १९९० सालीं. आणि आतां हिंजवडीच्या बाजूस तर या धंद्याचें एक स्वतंत्र नगरच वसलें आहे. तेथें मुलास किंवा मुलीस पाठवावयाचें म्हणजे शिकवणीवर्गाची फी, खोलीचें भाडें आणि खानावळीचा खर्च आला. पुष्कळ घरांत ही रक्कम कापसाच्या अथवा केळीच्या एका हंगामाच्या उत्पन्नांतून काढावी लागते. ती खर्च होण्यापूर्वीं हा व्यवसाय काय आहे, त्यास काय लागतें आणि त्यांत फसगत कोठें होते, हें घरांतील वडीलधाऱ्यांनींही समजून घेणें अगत्याचें आहे.

सॉफ्टवेअरमधील दोषास बग, म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द यंत्रविद्येंत फार पूर्वींपासून होता. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेंत खराच एक पतंग अडकलेला सांपडला, आणि तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला. तेव्हांपासून ही गोष्ट विनोदानें सांगितली जाते. दोषांचे परिणाम मात्र विनोदाचे नसतात. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण सुटल्यावर अवघ्या ४० सेकंदांच्या आंत नष्ट झालें. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेंतील आज्ञावली आधींच्या एरियान-४ वरून जशीच्या तशी घेतली होती. नव्या बाणाचा वेग अधिक असल्यामुळें एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या जागेंत मावली नाहीं. नव्या बाणाच्या प्रत्यक्ष मार्गाचे आंकडे घालून ती यंत्रणा आधीं तपासली असती, तर हा दोष जमिनीवरच उघडकीस आला असता. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें एक अमेरिकन यान नष्ट झालें तें एवढ्याचसाठीं, कीं एका पक्षानें मोजमाप पौंडांत दिलें आणि दुसऱ्यानें तें मेट्रिक समजून घेतलें. दोन्ही प्रसंगीं चूक करणारे लोक अडाणी नव्हते. आपलें काम बरोबर आहे असें ते धरून चालले, एवढेंच.

टेस्टरचें काम येथून सुरू होतें. आज्ञावली बरोबर चालते हें दाखविण्यासाठीं तो बसलेला नसतो. ती कोठें चुकते हें शोधण्यासाठीं बसलेला असतो. ग्लेनफर्ड मायर्स या अमेरिकन लेखकानें १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच व्याख्या आग्रहानें मांडली आणि वाचकांपुढें एक साधा प्रश्न ठेवला. एका आज्ञावलीस तीन संख्या द्यावयाच्या. त्या त्रिकोणाच्या बाजू समजून तिनें तो त्रिकोण समभुज, समद्विभुज कीं विषमभुज हें सांगावयाचें. ती तपासण्यास कोणकोणत्या संख्या देऊन पाहाल? हा प्रश्न घरीं कागद घेऊन कोणासही सोडवितां येईल. ५, ५, ५ हें सर्वांस सुचतें. परंतु १, २, ३ यांचा त्रिकोण होतच नाहीं, कारण दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच आहे. हें थोड्यांना सुचतें. एक बाजू शून्य दिली तर? उणे दिली तर? दोनच संख्या दिल्या तर? संख्येच्या जागीं अक्षर टाकलें तर? मायर्सनें १४ मुद्दे काढले होते. आणि निष्णात प्रोग्रामर म्हणविणाऱ्यांनाही त्यांपैकीं सरासरीनें ७.८ च सुचतात, असें त्यानें नमूद करून ठेवलें आहे. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. या कामास प्रोग्रामरची पदवी अपुरी पडूं शकते, आणि चिकित्सक बुद्धि असलेला वाणिज्य शाखेचा पदवीधरही त्यांत पुढें जाऊं शकतो.

अधिक ओळखीचें उदाहरण एस. टी. च्या तिकिटाचें घेतां येईल. राज्याच्या एस. टी. महामंडळानें ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांस अर्धें भाडें ठेवलें आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांस प्रवास मोफत केला. आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें भाडें केलें. आतां तिकिटाचा हिशेब करणारी एखादी आज्ञावली टेस्टरच्या हातीं आली, असें समजावें. वयाचे सगळे आंकडे घालून पाहणें व्यर्थ आहे. ४० वर्षांचा पुरुष आणि ४१ वर्षांचा पुरुष यांत हिशेबाच्या दृष्टीनें कांहीं भेद नाहीं. म्हणून वयाचे गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटांतून एकेक नमुना घ्यावयाचा. चुका बहुधा गटाच्या मध्यावर न होतां हद्दीवर होतात. म्हणून ६४ व ६५, ७४ व ७५ हीं वयें अवश्य पाहावयाचीं. ज्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस प्रवासाच्याच दिवशीं आहे, त्याचें काय? पुढें दोन नियम एकत्र आले म्हणजे खरी परीक्षा होते. ७० वर्षांच्या स्त्रीस अर्धें भाडें पडावें, कीं अर्ध्याचेंही अर्धें? धुळ्याहून सुरतेस निघालेल्या ७६ वर्षांच्या आजीबाईंची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. मग पुढचें भाडें आज्ञावली बरोबर काढते काय? जळगांवहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या मुलाचें काय? असे प्रश्न कोष्टकांत मांडून एकामागून एक तपासावयाचे, यालाच टेस्ट केस लिहिणें म्हणतात. जेथें नियमच अस्पष्ट असेल, तेथें टेस्टरनें आपल्या मनानें निर्णय द्यावयाचा नसतो. नियम करणाऱ्यास विचारावयाचें असतें. चांगल्या टेस्टरनें विचारलेल्या प्रश्नामुळें आज्ञावली लिहिली जाण्यापूर्वींच दोष टळतो, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा लाभ होय.

खानदेशांतल्या पदवीधरास आपल्या भाषेचाही येथें उपयोग आहे. पत्त्याचा पिनकोड सहा आंकडी असतो, आणि त्याचा पहिला आंकडा शून्य कधींच नसतो. मग पांच किंवा सात आंकडे टाकल्यास काय होतें, हें कोणीही पाहील. परंतु जळगांवचा ४२५००१ हा पिनकोड देवनागरी आंकड्यांत लिहिला तर आज्ञावली तो स्वीकारते कीं गोंधळते, हें पाहण्याची बुद्धि मराठी माणसासच प्रथम होईल. ‘गिऱ्हाईक’ या शब्दांतील अर्धा र पडद्यावर नीट उमटतो काय, मराठी नांवांची यादी अकारविल्हे बरोबर लागते काय, नांव, वडिलांचें नांव व आडनांव अशा तीन भागांच्या नांवास नमुन्यांत जागा आहे काय, या गोष्टी परदेशांत बसलेल्या कारागिरास सहसा सुचत नाहींत.

दोष सांपडणें हें अर्धेंच काम होय. तो दुसऱ्यास पटेल असा लिहिणें हें उरलेलें अर्धें. ‘तिकीट चुकतें’ एवढेंच लिहिलें, तर तें वाचून प्रोग्रामरच्या हातांत कांहींच पडत नाहीं. प्रवासी स्त्री, वय ७०, धुळें ते जळगांव, साधी गाडी, अशी माहिती भरून तिकीट काढलें. अर्धें भाडें येणें अपेक्षित होतें, प्रत्यक्षांत पावपट आलें. तीन वेळां करून पाहिलें, तिन्ही वेळां तसेंच झालें. अमुक फोन व अमुक आवृत्ति वापरली. अहवालाचा नमुना असा असावा. केलेल्या क्रिया क्रमानें, अपेक्षित फळ, प्रत्यक्ष फळ आणि परिस्थिति, हीं त्याचीं चार अंगें होत. त्यांस दोषाचें गांभीर्य आणि दुरुस्तीची निकड अशा दोन स्वतंत्र खुणा जोडतात. कारण मुखपृष्ठावर कंपनीच्या नांवांतील अक्षर चुकलें, तर दोष क्षुल्लक असूनही दुरुस्ती तांतडीची असते. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर दिलेलीं प्रवचनें साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, म्हणून तीं आज वाचावयास मिळतात. ऐकलेलें वा पाहिलेलें त्यांत आपल्या पदरचें न मिसळतां उतरवून ठेवणें, ही संवय ज्यास आहे त्यास टेस्टरचा अहवाल जड जात नाहीं. अहवालांत कोणाचा उपमर्द नसावा. दोष वस्तूचा सांगावयाचा, करणाऱ्याचा नव्हे.

आतां शिक्षणाविषयीं. या विषयाचें पायाभूत ज्ञान घरीं राहून मिळविणें शक्य आहे. आय. आय. टी. सारख्या संस्थांतील प्राध्यापकांचीं टेस्टिंगवरील व्याख्यानें एन. पी. टी. ई. एल. या उपक्रमांत विनामूल्य ऐकावयास मिळतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावयाचें असेल तरच शुल्क पडतें. आंतरराष्ट्रीय मान्यतेची परीक्षा हवी असल्यास आय. एस. टी. क्यू. बी. ही २००२ सालीं स्थापन झालेली संस्था ‘फाउंडेशन’ नांवाची पहिली परीक्षा घेते. तिला पूर्वानुभवाची अट नाहीं. ४० प्रश्न, ६० मिनिटें आणि उत्तीर्ण होण्यास २६ गुण, असें तिचें स्वरूप आहे. परीक्षेची भाषा मातृभाषा नसलेल्यास चतुर्थांश वेळ अधिक मिळतो. तिचा अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध असून तो नीट वाचला तर धंद्याची परिभाषा अंगवळणी पडते. मात्र प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. त्याबरोबर माहितीच्या कोठारास प्रश्न विचारण्याची एस. क्यू. एल. ही भाषा, दोन आज्ञावली एकमेकींशीं ज्या मार्गें बोलतात त्या ए. पी. आय. ची तपासणी, जिरासारख्या साधनांत दोषांची नोंद ठेवण्याची रीति आणि स्वच्छ, लहान वाक्यांचें इंग्रजी लेखन, एवढें तरी हवें. रोज तीन-चार तास देणाऱ्यास सहा महिन्यांत यांतील बरेंच साधण्यासारखें आहे.

राहतां राहिला अनुभवाचा प्रश्न. अनुभव हा केवळ पगाराबरोबरच मिळतो, ही समजूत या धंद्यापुरती तरी खरी नाहीं. लिबरऑफिस व फायरफॉक्स यांसारखीं कित्येक सॉफ्टवेअर लोकांच्या सहकार्यानें चालतात. त्यांच्या दोषांच्या नोंदवह्या सर्वांस खुल्या असून त्यांत कोणीही दोष नोंदवूं शकतो, किंवा दुसऱ्यानें नोंदविलेला दोष आपल्या संगणकावर खरोखर घडतो कीं नाहीं हें पडताळून लिहूं शकतो. तेथें मराठी लेखनासंबंधींचे दोष नोंदविणाऱ्या धुळ्याच्या पदवीधरास, मुलाखतीच्या वेळीं, आपल्या नांवाची व तारखेची खरी नोंद दाखवितां येते. गांवांतल्या गांवांतही काम आहे. किराणा व्यापाऱ्याची बिलाची आज्ञावली, पतसंस्थेचा व्याजाचा हिशेब, शिकवणीवर्गाचें हजेरीचें ॲप, यांपैकीं एखादें मालकाच्या परवानगीनें तपासून त्याचा लेखी अहवाल द्यावा. परवानगी मात्र लेखी असावी. दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेंत परवानगीवांचून शिरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा भंग होतो, आणि शिकण्याचा हेतु ही त्यावर सबब होऊं शकत नाहीं. असे आठ-दहा निवडक अहवाल हातीं असलेला उमेदवार आणि नुसतें प्रमाणपत्र घेऊन आलेला उमेदवार यांतील अंतर परीक्षकास पांच मिनिटांत कळतें. केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या योजनेंत पदवीधरांनाही विद्यावेतनावर एक वर्ष काम शिकतां येतें. त्या वाटेकडेही दुर्लक्ष करूं नये.

या वाटेवर एक खळगा आहे, आणि त्याविषयीं आईबापांनीं विशेष सावध राहिलें पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या खोट्या अनुभवाचीं पत्रें पैसे घेऊन देणारे लोक शहरांतून भेटतात. ‘सगळेच असें करतात’ हें त्यांचें ठरलेलें वाक्य असतें. वास्तविक नोकरीचा पूर्वेतिहास पडताळणें आतां फारसें अवघड राहिलेलें नाहीं. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो, आणि त्याखालीं कोणत्या मालकाकडे किती काळ काम केलें याची नोंद राहते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेनेंही कर्मचाऱ्यांच्या पडताळणीसाठीं २००६ पासून एक स्वतंत्र नोंदपट चालविला आहे. खोटें पत्र आज चाललें, तरी वर्षा-दोन वर्षांनीं उघडकीस येऊं शकतें. तेव्हां नोकरी तर जातेच, पण नांवालाही बट्टा लागतो. शिवाय ज्याचा व्यवसायच दुसऱ्याच्या कामांतील खोटें शोधण्याचा, त्यानें खोट्या कागदावर त्या व्यवसायांत प्रवेश करावा यासारखी विसंगति दुसरी नाहीं. नोकरी देण्यासाठीं अनामत मागणारा, मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा आणि ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणारा, या तिघांपासूनही दूर राहावें.

दुसरी गोष्ट व्यवसायाच्या भवितव्याची. तीही स्पष्ट सांगितली पाहिजे. तीच तीच तपासणी प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हां करावयाची असेल, तर ती यंत्राकडे सोपविणें स्वस्त पडतें. २००४ सालीं निघालेलें सेलेनियम आणि २०२० सालीं आलेलें प्लेराइट हीं साधनें माणसाऐवजीं स्वतः बटनें दाबून फळ तपासतात. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें नियम वाचून टेस्ट केसही लिहूं लागलीं आहेत. म्हणून केवळ हातानें तपासण्याच्या भरंवशावर सबंध आयुष्य काढतां येईल, असें समजणें धोक्याचें होय. मॅन्युअल टेस्टिंग हें या घराचें दार आहे, माजघर नव्हे. आंत गेल्यावर दोन-तीन वर्षांत एखादी प्रोग्रामिंगची भाषा आणि स्वयंचलित तपासणीचें एक साधन हस्तगत करणें जरूर आहे. असें असलें तरी माणसाचा पारखीपणा निरुपयोगी होत नाहीं. यंत्र विचारलेलें तेवढें तपासतें. ७० वर्षांच्या आजीबाईंच्या भाड्याविषयीं दोन नियम एकमेकांशीं भांडतात, ही शंका कोणाला तरी आधीं यावी लागते. तपासणीनें दोष आहेत एवढें सिद्ध होतें, दोष उरलेच नाहींत हें सिद्ध होत नाहीं, असें डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें म्हणून ठेवलें आहे. तेव्हां कोठें थांबावें, काय आधीं तपासावें आणि काय राहूं द्यावें, हा निर्णय माणसाच्याच विवेकावर राहतो.

म्हणून पुण्याची गाडी पकडण्यापूर्वीं प्रत्येक इच्छुकानें सहा महिने जळगांवांत वा धुळ्यांतच स्वतःची परीक्षा घ्यावी, हें उत्तम. वर सांगितलेली व्याख्यानें ऐकावीं, त्रिकोणाचा व तिकिटाचा प्रश्न स्वतः सोडवावा, आणि दहा अहवाल लिहून जाणत्या माणसास दाखवावे. तेंच तेंच काम शंभराव्या वेळीं करतांना ज्याचें लक्ष ढळत नाहीं, आपला शोध खोटा ठरला तरी ज्याला राग येत नाहीं, आणि ‘असें झालें तर काय?’ हा प्रश्न ज्यास स्वभावतःच सुचतो, त्यास हें काम मानवेल. ज्यास या सहा महिन्यांतच कंटाळा येईल, त्याचेंही नुकसान झालें असें म्हणतां येणार नाहीं. घरचे पैसे शिल्लक राहिले आणि आपली वाट ही नव्हे एवढें त्यास वेळेवर कळलें. ज्यास गोडी लागेल, त्यानें आपले खरे अहवाल बरोबर घेऊन निःशंकपणें निघावें. मुलाखतींत अनुभव किती, असा प्रश्न येईल तेव्हां ‘नोकरीचा नाहीं, पण केलेलें काम हें आहे’ असें उत्तर देऊन ते अहवाल त्यास परीक्षकापुढें ठेवतां येतील.